पडलेल्या पाखराचा शोध

शिकारीच्या गोष्टींत एक जागा नेहमी रिकामी राहते. बंदूक कडाडते, पाखरू पडते आणि पुढच्याच वाक्यात ते चुलीवर शिजत असते. मधल्या वेळात ते कोणी शोधले, कोणी उचलले, कोणत्या अवस्थेत आणले, हे सांगणारा विरळा. आश्विन-कार्तिकात कर्जत-खालापूरच्या भातखाचरांतून जो चालला आहे, त्याला ही रिकामी जागा केवढी मोठी आहे हे ठाऊक असते. पाणलावा हे या खाचरांतले थंडीचे पाखरू. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. पाठीवर पिवळट-तपकिरी पट्टे असे की कापलेल्या भाताच्या धसकटांत बसले तर दोन हातांवरून दिसत नाही. चिखलातून ते फुर्रकन उठते, नागमोडी उडते आणि छर्रा लागलाच तर तीस-चाळीस पावलांवर कुठेतरी पडते. मेलेले असेल तर धसकटात मिसळून जाते. नुसता पंख मोडला असेल तर पायांनी पळत बांधाच्या गवतात शिरते. म्हणून जुने शिकारी सांगत की पडलेल्या जागेवरची नजर काढू नका आणि पहिले पाखरू हाती येईपर्यंत दुसऱ्यावर बार टाकू नका.

इतरांच्या दृष्टीने हरवलेले पाखरू म्हणजे वाया गेलेले काडतूस. मुसलमान शिकाऱ्यापुढे मात्र आणखी एक प्रश्न असतो. पाखरू सापडले, पण जिवंत सापडले का? या एका प्रश्नापायी आपल्या फिक्हच्या ग्रंथांत शिकवलेल्या कुत्र्याची बारकाईने चर्चा झाली आहे. युरोपात तोच प्रश्न वेगळ्या कारणाने उभा राहिला आणि त्यातून 'रिट्रीव्हर' नावाची कुत्र्यांची जातच तयार झाली. आपल्या कोकणात मात्र हे काम ना त्या कुत्र्याने केले ना या कुत्र्याने. ते कोणी केले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'बंदूक' हा शब्द आपण मराठीत, उर्दूत, हिंदीत सर्रास वापरतो. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचाचे फळ, हेझलनट. त्या आकाराच्या मातीच्या भाजलेल्या गोळीलाही हेच नाव पडले. ती गोळी विशेष धनुष्यातून पाखरांवर मारत. आपल्याकडे ठाकर-कातकऱ्यांची पोरे गलोलीतून मातीची सुकवलेली गोळी मारतात, तोच प्रकार. पुढे दारूच्या जोरावर गोळी फेकणारे हत्यार आले आणि गोळीचे नाव हत्याराला चिकटले. गंमत अशी की नावाबरोबर मसलाही चिकटला. अणकुचीदार बाणाने जनावर जखमी होऊन मेले तर हलाल, पण बोथट वस्तूच्या माराने मेले तर मुरदार, हे हदीसवरून ठरलेले आहे. मातीची गोळी बोथट. म्हणून तिने मेलेले पाखरू खाऊ नये, असे शाफई फकीहांनी बंदुकीचा शोध लागण्यापूर्वीच लिहून ठेवले होते. शिशाची गोळी आणि छर्रे आल्यावर बहुसंख्य हनफी आणि शाफई आलिमांनी हाच नियम पुढे चालवला. छर्रा शरीर फोडतो, पण धारेने कापत नाही, वेगाने आणि वजनाने मारतो, असे त्यांचे म्हणणे. मालिकी मसलकातल्या काही उत्तरकालीन आलिमांनी मात्र गोळीने रक्त वाहते म्हणून मुभा दिली.

आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. तेव्हा आपल्याकडचा हिशोब सरळ होता. छऱ्याने पाखरू जागीच मेले तर ते गेले. जिवंत हाती आले आणि सुरी फिरली तरच ते ताटात. त्यातही शाफई ग्रंथ एक अट घालतात. जनावरात 'हयाते मुस्तकिर्रा' म्हणजे स्थिर जीव हवा. जबह केलेल्या जनावराची शेवटची तडफड असते तेवढीच हालचाल उरली असेल तर सुरी फिरवून उपयोग नाही. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांचा 'मिन्हाजुत्तालिबीन' हा मलबारपासून जावापर्यंत सर्व शाफई मुलखात शिकवला जाणारा ग्रंथ. त्यात तर असेही आहे की शिकार स्थिर जीव असलेली हाती आली, पण शिकाऱ्याजवळ सुरीच नव्हती किंवा सुरी म्यानात अडकून बसली आणि तेवढ्यात जनावर मेले, तर ते हराम. म्यानात अडकलेल्या सुरीचा उल्लेख वाचला की वाटते, हा मसला लिहिणाऱ्यांनी शिकारीचे रान जवळून पाहिले असावे.

यातून निघणारा व्यवहार विचित्र आहे. जे पाखरू नेम अचूक बसून धाडकन पडते, ते सापडायला सोपे पण खायला अवघड. आणि जे पंख मोडून पळते, ते खायला योग्य पण सापडायला सर्वांत अवघड. मुसलमान शिकाऱ्याला नेमके दुसरे हवे होते, आणि तेही मिनिटा-दोन मिनिटांत. नाकाने माग काढणारा, पटकन उचलणारा आणि दातांनी न चिरडता जिवंत आणून देणारा कोणीतरी त्याला पाहिजे होता.

असा 'कोणीतरी' आपल्या धर्मग्रंथांना अनोळखी नाही. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे. त्यांनी तुमच्यासाठी जे धरून ठेवले ते खाण्याची परवानगी आहे आणि त्यावर अल्लाहचे नाव घेण्याची आज्ञा आहे. हा मसला प्रेषित मुहम्मद (स.) यांना ज्यांनी तपशिलाने विचारला ते सहाबी म्हणजे अदी बिन हातिम. 'ताई' कबिल्याच्या ज्या हातिमताईच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकतो, त्याचेच हे चिरंजीव. त्यांना मिळालेल्या उत्तरांचा सारांश असा. शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला आणि त्याने शिकार मारली तर खा. त्याने त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नका, कारण मग त्याने ती स्वतःसाठी धरली. तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा आढळला तर खाऊ नका, कारण नाव तुम्ही आपल्या कुत्र्यावर घेतले होते, त्याच्यावर नाही. आणि शिकार पाण्यात पडलेली सापडली तर खाऊ नका, कारण ती बाणाने मेली की बुडून, हे सांगता येत नाही. तळ्यावर बदके मारणाऱ्याला ही शेवटची अट किती महत्त्वाची आहे! जिथे मृत्यूच्या कारणाविषयी शंका, तिथे हात आखडता घ्या, असा या उत्तरांचा रोख आहे. छऱ्याने घायाळ झालेले पाखरू कुत्र्याच्या तोंडात दगावले तर ते कशाने मेले म्हणायचे? म्हणून कुत्रा कितीही शिकलेला असो, त्याने पाखरू जिवंत आणण्यातच निश्चिंती.

आता 'शिकवलेला' म्हणजे काय? शाफई ग्रंथांतल्या अटी पाहा. मालकाने सोडले की कुत्रा जाईल, सोडल्याशिवाय जाणार नाही. मालकाने दरडावले की थांबेल. शिकार धरील ती मालकासाठी धरून ठेवील, पळू देणार नाही. आणि त्यातले खाणार नाही. हे सारे एकदा करून भागत नाही, शिकण्याविषयी खात्री वाटावी इतक्या वेळा त्याने ते करायला हवे. हनफी मसलकात न खाण्याची परीक्षा तीनदा घेतात. जगातला कोणताही शिकारी कुत्र्यांचा उस्ताद आजही हीच यादी देईल.

इस्लामी जगात हे ज्ञान कागदावरच राहिले नाही. बाराव्या शतकात शामच्या शैझर किल्ल्यातला सरदार उसामा इब्न मुन्किझ याने आपल्या आठवणींचा अखेरचा भाग शिकारीला दिला आहे. वडिलांचे ससाणे, त्यांचे कुत्रे, तितरांच्या रानातली सकाळ, हे सारे तो क्रुसेडच्या लढायांइतक्याच गंभीरपणे लिहितो. आपल्याकडे अबुल फझल 'आईने अकबरी'त नोंदवतो की बादशहाला कुत्र्यांची आवड होती आणि उत्तम कुत्रे काबूलकडून, विशेषतः हजाऱ्यांच्या मुलखातून येत. पण मोगल दरबारात पाखरांची शिकार मुख्यतः ससाण्याने आणि बाजाने चाले. कुत्रा हरणामागे धावण्यासाठी होता. पडलेले उचलायला माणसांची कमतरता नव्हती. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.

घरातला कुत्रा ही मात्र वेगळी बाब. शिकारीसाठी, गुरांसाठी आणि शेतासाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे, केवळ हौसेसाठी पाळला तर रोजचे पुण्य घटते असे सांगितले आहे. मालिकी मसलकात कुत्रा पाक मानतात. हनफींच्या मते त्याची लाळ नापाक, अंग नव्हे. शाफई सर्वांत कडक. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने. शिकारीच्या जनावरावर जिथे कुत्र्याचे दात लागले ती जागाही नापाक. ती धुतली तर पुरे, की तेवढे मांस कापून टाकावे, यावर जुन्या काळी मतभेद होते. नववींच्या ग्रंथातले ग्राह्य मत असे की पाणी-मातीने धुतले की पुरे, कापून टाकण्याची गरज नाही. म्हणजे परवानगी आहे, पण कष्ट आहेत. थंडीच्या सकाळी खाचराच्या बांधावर सात-आठ पाणलावे एकेक करून माती लावून धुण्याचा उद्योग कोण करणार? कोकणी मुसलमानाच्या घरी कुत्रा असलाच तर अंगणात, फार तर ओसरीच्या पायरीशी. गुहावासीयांच्या (अस्हाबे कहफ) कुत्र्याचे पायही उंबरठ्यावरच पसरलेले होते, याची आठवण वडीलधारी मंडळी करून देत, पण पायरी काही ओलांडू देत नसत.

आता युरोपाकडे वळू. तिकडे पूर्वी पाखरांच्या शिकारीत दोन प्रकारचे कुत्रे प्रसिद्ध होते. पॉइंटर पाखराचा वास येताच पुतळ्यासारखा उभा राही आणि स्पॅनियल झुडपातून पाखरू उठवी. ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिकारी संथ चाले, एक बार टाकून पुन्हा दारू ठासायला वेळ लागे, तेवढ्यात तोच कुत्रा पडलेले पाखरू शोधून आणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून काडतूस भरायची बंदूक आली. मोठाल्या जमीनदारांच्या इस्टेटींवर हाकारे लावून पाखरे शिकाऱ्यांच्या डोक्यावरून उडवायची पद्धत पडली. एका सकाळी शेकड्यांनी पाखरे पडू लागली आणि फक्त उचलण्यासाठीच वेगळा कुत्रा लागू लागला. कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर मासेमारांजवळ एक आखूड केसांचा, पाण्यात पोहणारा काळा कुत्रा होता. तो इंग्लंडात आला आणि त्याच्यापासून लॅब्रॅडॉर तयार झाला. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. सोनेरी केसांचा गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमधल्या गिसाखन इस्टेटीवर तयार झाला. तिथल्या वंशावळीतली पहिली वीण १८६८ ची. मान्यता १९११ मध्ये मिळाली.

त्याचे शिक्षण कसे चाले हे पाहण्याजोगे आहे. जनरल हचिन्सन या सेनाधिकाऱ्याचे कुत्रे तयार करण्यावरचे पुस्तक १८४८ मध्ये निघाले आणि पुढे अनेक वर्षे वाचले गेले. पहिला धडा उचलण्याचा नसतो, न उचलण्याचा असतो. पिल्लाला बसवायचे, समोर वस्तू टाकायची आणि हुकूम होईपर्यंत जागचे हलू द्यायचे नाही. बंदुकीच्या आवाजाची सवय लांबून लावायची, अंतर हळूहळू कमी करायचे. मग कापडाच्या गुंडाळीवर पाखराचा पंख बांधून ती गवतात टाकायची. प्रथम त्याला पडताना दिसेल अशी, नंतर न दिसेल अशी. न दिसलेल्या वस्तूकडे त्याला हाताच्या खुणेने डावीकडे-उजवीकडे न्यायचे. कुत्र्याला वाऱ्याविरुद्ध सोडायचे, म्हणजे वास त्याच्याकडे चालत येतो. पाण्याची ओळख उथळ, कोमट पाण्यात करून द्यायची. सर्वांत नाजूक धडा तोंडाचा. आणलेली वस्तू कुत्र्याच्या तोंडातून कधी हिसकायची नाही. हिसकली की तो दात आवळतो आणि एकदा दात आवळायची खोड लागली की ती सुटत नाही. पाखराच्या फासळ्या मोडतात, मांस निकामी होते. ज्याच्या तोंडातून पाखरू पीसही न विस्कटता हातात येते त्याला 'मऊ तोंडाचा' म्हणतात. शेवटचा धडा पळणाऱ्या पाखराचा. वाटेत दुसरी शंभर पाखरे उठली तरी ज्याला छर्रा लागला त्याचाच माग धरायचा.

सोडल्याशिवाय जाऊ नये, दरडावले की थांबावे, मालकासाठी धरावे, स्वतः खाऊ नये. इंग्रजांनी जेवणाच्या टेबलासाठी आणि खेळाच्या शिस्तीसाठी शिकवले ते, आणि आपल्या ग्रंथांनी हलाल-हरामसाठी मागितले ते, जवळजवळ एकच निघाले. कर्जतच्या खाचरांत ही दोन शिक्षणे एकमेकांना भेटायला हवी होती.

कारण शिकारी तर तिथे आले होते. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा कर्जतचा पेटा. दोन्ही १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्यात गेले, तोच १९८१ पासून रायगड. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोचला होता, बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढून आले होते. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी सर आदमजी पीरभाई यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने १९०७ मध्ये धावली. मुंबईचा साहेब, पारशी सावकार, बोहरी-खोजे व्यापारी, सगळ्यांना हा मुलूख हाताशी आला. थंडीत पाणलावे, लावे, होले, तळ्यांवर बदके, वरच्या कारवीच्या रानात रानकोंबडी. टाटांची वीजघरे खोपोलीला १९१५ मध्ये आणि भिवपुरीला १९२२ मध्ये सुरू झाल्यावर खाली सोडलेल्या पाण्याने पाताळगंगेला आणि उल्हासला उन्हाळ्यातही ओल राहिली. पाणपाखरांना ती मानवली असल्यास नवल नाही.

पण इंग्रजांचा रिट्रीव्हर इथे रुजला नाही. कारणे अगदी जमिनीवरची आहेत. थंड स्कॉटलंडसाठी घडलेला दाट केसांचा कुत्रा आश्विनातल्या दुपारी धापा टाकून बसतो. कोरड्या, तापलेल्या हवेत वास टिकत नाही. कुत्र्याचे नाक पहाटेच्या दहिवरात चालते, ऊन चढल्यावर निम्मे होते. गोचिडीपासून होणारा ताप आणि डिस्टेंपर विलायती पिल्लांना घेऊन जात. रेबीजची भीती तर सर्वांनाच. बांधातले साप वेगळे. आणि डोंगरपायथ्याला बिबट्या, त्याला कुत्र्याइतके काही आवडत नाही. शिवाय पाणलाव्याची आणि होल्याची पिसे सैल असतात. ती तोंडाला चिकटतात म्हणून चांगले चांगले कुत्रेही ही पाखरे उचलायला कुरकुरतात. त्यातल्या त्यात लहानखुरा स्पॅनियल बरा पडे.

मुख्य कारण मात्र याहून साधे. इथे पाखरे उचलायला माणूस मिळे, आणि कुत्रा पाळण्यापेक्षा स्वस्त मिळे. दोन-चार आण्यांत कातकऱ्याचे किंवा ठाकराचे पोर दिवसभर गुडघाभर चिखलातून मागे चाले. त्याची नजर पडलेल्या जागेवर खिळलेली असे. पळणाऱ्या पाखराचा माग तो मोडलेल्या गवतावरून, चिखलातल्या नखांच्या ठशांवरून काढी. तळ्यात पडलेल्या बदकासाठी पोहत जाई. मोगलांच्या काळापासून चालत आलेली ही सोय इंग्रजांनी आणि आपल्या लोकांनीही निमूट उचलली.

ही पोरे त्या रानात का मोकळी सापडत, याचाही विचार करावा. कातकऱ्यांचे नाव पडले काताच्या धंद्यावरून, खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी. १८७८ या एकाच वर्षी सरकारने दोन कायदे केले. वनकायद्याने रान सरकारच्या ताब्यात गेले आणि खैर तोडणे गुन्हा ठरला. शस्त्रकायद्याने बंदूक परवान्याखाली गेली, आणि परवाना मिळे तो साहेबाला, खोताला, व्यापाऱ्याला. रानाची खरी ओळख ज्याला होती त्याच्या हातातून कुऱ्हाडही गेली, आणि बंदूक तर कधी येणारच नव्हती. उरली मजुरी. कोळसा पाडणे, वीटभट्टी आणि शिकारीला आलेल्यांची पाखरे उचलणे. कातकरी आज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक म्हणून नोंदले जातात.

आता आपला मसला पुन्हा पाहू. शिकवलेला कुत्रा बिस्मिल्लाह म्हणून सोडला आणि त्याने रानातले जनावर मारले तर ते हलाल. पण कातकऱ्याच्या पोराने तडफडणाऱ्या पाखराची मान मुरगळली, किंवा सुरीने कापलीसुद्धा, तरी ते मुसलमानाला चालत नाही. जबह करणारा मुसलमान किंवा किताबी हवा. त्यामुळे त्या पोराकडूनही मऊ तोंडाच्या कुत्र्याचीच अपेक्षा. घायाळ पाखरू मारायचे नाही, दाबायचे नाही, जिवंत धावत आणून सुरीवाल्याच्या हाती द्यायचे. वरवर पाहता वाटते की शरीअतने पोराला कुत्र्याहून खाली ठेवले. नीट पाहिले तर उलट आहे. कुत्रा हे शिकाऱ्याचे हत्यार आहे, बाणासारखे. त्याने केले ते सोडणाऱ्याने केले, म्हणून सोडणाऱ्याची बिस्मिल्लाह त्याला लागू पडते. पोर हत्यार होऊ शकत नाही. त्याला स्वतःची अक्कल आहे, स्वतःचा धर्म आहे, त्याचे कृत्य त्याचेच. दुसऱ्याचा इरादा त्याच्यावर चढवता येत नाही. फकीहांच्या लेखी तो पुरा माणूस होता. शिकारीच्या वहीत मात्र किती जोड्या पाणलावे पडले याचा आकडा राही, काडतुसे किती उडाली तेही राही, कुत्रा असला तर त्याचे नावही राही. उचलणाऱ्या पोराला नाव नसे. साहेबांच्या वहीत नव्हते आणि आपल्याकडच्या रंगवून सांगितलेल्या शिकारीच्या गोष्टींतही नसते, हे आपणच म्हटले पाहिजे.

कातकऱ्यांजवळ स्वतःचे कुत्रे होतेच. वाडीतला साधा गावठी कुत्रा, बरगड्या दिसणारा. घोरपड, ससा, रानउंदीर हुडकायला तो माणसाबरोबर जाई. त्याला खुणांचे शिक्षण कोणी देत नसे, मोठ्या कुत्र्याबरोबर हिंडून तो शिके. त्याला इथला ताप मानवत होता, ऊन मानवत होते, सापाचा वास कळत होता. विलायती कुत्र्यांवर खर्च करणाऱ्यांनी या कुत्र्याकडे गांभीर्याने पाहिल्याचे वाचनात येत नाही. मुधोळच्या राजघराण्याने आपल्या परिसरातल्या शिकारी कुत्र्याला नावलौकिक मिळवून दिला, पण तो नजरेने पाहून धावणारा कुत्रा. नाकाने पाखरू शोधणारा गावठी कुत्रा बेनावच राहिला.

पाखरू हाती आल्यावर त्याच्याकडे निरखून पाहण्याचे महत्त्व ज्याने जगाला दाखवले तो आपल्यातलाच. सलीम अली (१८९६–१९८७) मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबात वाढले, त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे शिकारीचे शौकीन. १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी या मुलाला वेगळी वाटली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठवले. पुढची कथा सर्वांना माहीत आहे. ती चिमणी गवतात हरवली असती तर? प्रश्न पोरकट आहे खरा, पण संग्रहालयातला प्रत्येक पेंढा भरलेला पक्षी कोणीतरी शोधून उचललेला असतो, एवढे त्यावरून ध्यानात येते.

स्वातंत्र्यानंतर हा सारा व्यवहार झपाट्याने आवरला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ चा केंद्रीय कायदा आला तेव्हाही काही पाखरांची शिकार परवान्यावर करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. आज कर्जत-खालापुरात पाणलावा मारणे गुन्हा आहे, आणि त्यासाठी कुत्रा घेऊन रान हाकणेही शिकारीतच मोडते. कातकऱ्यांची गलोलही याच कायद्याखाली येते. हौशी शिकाऱ्याने बंदूक भिंतीवर टांगली आणि तो मोकळा झाला, ज्याच्या हंडीत रानातलेच शिजायचे त्याला मात्र तो कायदा रोजचा झाला. पाखरे वाचली पाहिजेत यात शंका नाही. वाचवण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतो.

आणि आता इतक्या वर्षांनी रिट्रीव्हर इथे आला आहे. कर्जतच्या फार्महाउसांवर शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांतून लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर उतरतात, चेंडू आणून देतात आणि पंख्याखाली झोपतात. लसी आहेत, गोचिडीची औषधे आहेत, त्यामुळे ते जगतातही. त्यांच्या नाकाचा खरा उपयोग पोलिसांच्या आणि आपत्ती दलांच्या पथकांत होतो. तिथल्या शिक्षणाचे पहिले धडे तेच आहेत. बस, थांब, सांगितल्यावर जा, वास धर. शेवटचा धडा तेवढा बदलला आहे. सापडले की उचलायचे नाही, जागेवरूनच कळवायचे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडी ठाकरांची. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रे चढू शकली नाहीत, बचाव पथके आणि आसपासच्या गावांतले लोक पावसात चालत गेले आणि पहार-फावड्यांनी चिखल उपसू लागले. त्यांच्याबरोबर माग काढणारे कुत्रेही होते. २७ जणांचे मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला तेव्हा ५७ जण सापडायचे राहिले होते.